थ्रो लांब जात नाही? आधी कंबर वळवा

सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस सोडले तर रविवारी सकाळी पोरं खेळायलेलीच असतात, आणि एक गोष्ट दर वेळी दिसते की बाउंड्रीवरनं मारलेला थ्रो कीपरपर्यंत पोचत नाही, मग पोरगं दात-ओठ खाऊन नुसता दंडावर जोर लावतं. तिथंच चुकतंय बघा.

चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी दणकट, तरी त्याची फेक ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच, बारा वर्षांचं सराव केलेलं पोरगं त्याच्या दुपटीनं सहज फेकतं. कारण खांद्यात आहे. 2013 साली संशोधक नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसबॉलवाल्यांवर अभ्यास करून दाखवलं की हात मागं नेला की खांद्याभोवतीचे स्नायुबंध, अस्थिबंध रबरासारखे ताणले जातात आणि ती साठलेली ताकद एका झटक्यात सुटते, माणसाच्या अंगात याच्याइतकी वेगवान हालचाल दुसरी नाही. त्यासाठी लागणारी वळणारी कंबर, बाजूला तोंड केलेला खांदा, दंडाच्या हाडाचा कमी पीळ, हे सगळं एकत्र पहिल्यांदा दिसतं होमो इरेक्टस या आपल्या प्राचीन पूर्वजामध्ये, सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी. शिकारीला ना सुळे ना नख्या, त्यामुळं लांबनं नेम धरून मारता येणं केवढं कामाचं असणार!

आता करायचं काय. बॉल दोन बोटं सीमवर (शिवणीवर) आडवी ठेवून धरा, तळव्यात दाबू नका. छाती नाही, डावा खांदा कीपरकडं करा (डावखुऱ्यांनी उजवा). पुढचा पाय टाका, आधी कंबर वळू द्या, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. कोपर खांद्याच्या उंचीला, काटकोनात. कंबर पुढं निघाली की हात आपोआप मागं राहतो, पंजा आभाळाकडं होतो, खांद्यात ताण जाणवतो, तो ताण येईपर्यंत घाई करायची नाही, हेच खरं सगळ्यात अवघड आहे.

आमचे आजोबा मंगळवेढ्याकडं रानात ज्वारी राखायला माळ्यावर उभं राहून गोफण मारायचे, मनगट एकदम सैल, आणि दगड सुटायच्या आधी कंबर वळलेली असायची. गोफणीनं हात लांब होतो एवढंच, बाकी चाल तीच. पोरांना मी हेच करून दाखवतो.

बॉल सुटल्यावर हात अडवू नका, विरुद्ध गुडघ्यापर्यंत येऊ द्या, नाहीतर सगळा झटका खांद्यावर बसतो. पहिले आठ दिवस 15-20 मीटरवरनंच मारा, अंग गरम करून, मग चार-चार पावलं मागं सरका. आणि एका दिवसात शंभर थ्रो अजिबात नको, शिकारीला जाणारा माणूस काय दिवसाला शंभर भाले फेकत नसणार, हा खांदा तेवढ्यासाठी घडलेलाच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी थ्रो बंद, दुसऱ्या दिवशीपण बंद, आणि तरी राहिलं तर डॉक्टरला दाखवा.