निअर मिसची नोंद: फॉर्मच्या आधी उत्तराची सोय करा

सेफ्टीचा डिप्लोमा करून कारखान्यात नवीन लागलेल्यांकडे लवकरच हे काम येतं: "अपघात आणि निअर मिस रिपोर्टिंगची सिस्टीम बसवा." निअर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. बहुतेक जण लगेच एक्सेलमध्ये फॉर्म आखायला घेतात. माझं ठाम मत आहे की फॉर्म शेवटी करावा. आलेलं कार्ड, म्हणजे कामगाराने भरून दिलेला फॉर्म, कोण वाचणार, किती वेळात उत्तर देणार, हे आधी ठरवा. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (जिथे मोठ्या प्रेसवर पत्र्याला आकार देतात) मी हे काम केलंय, त्यावरून लिहितोय.

कायद्याची बाजू सोपी आहे. मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे कामगार ४८ तास वा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक. फॅक्टरी अॅक्ट १९४८ च्या कलम ८८ मध्ये ही अट होती, कामगारांच्या सुरक्षेबाबतच्या २०२० च्या संहितेतही ती आहे. स्फोटासारख्या धोकादायक घटना कुणी जखमी नसलं तरी कळवाव्या लागतात. पण रोजच्या थोडक्यात टळलेल्या बऱ्याचशा प्रसंगांपर्यंत कायदा पोचत नाही. तिथे आपणच काहीतरी उभं करावं लागतं.

आमच्याकडे प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा) बदलताना स्लिंग, म्हणजे ती उचलायचा पट्टा, सरकला आणि डाय एका बाजूला कलली. माणसं मागे सरली, डाय कशीबशी टेकवली, थोड्या वेळात प्रेस पुन्हा चालू. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून रजिस्टर कोरं. नंतर चहाच्या सुट्टीत एका हेल्परने हळूच सांगितलं, "साहेब, हुकाची लॅच तुटलीय, तारेने बांधलीय." लॅच म्हणजे स्लिंग हुकातून निसटू नये म्हणून असलेली पट्टी. तो ठेकेदाराचा माणूस होता. सुपरवायझरला सांगितलं तर "तू तिथे काय करत होतास?" हाच पहिला प्रश्न येणार आणि उद्या गेटवरूनच परत पाठवतील, ही त्याची धास्ती. सिस्टीम आखताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांचे असे रिपोर्ट विमान वाहतुकीच्या नियामकाकडे न जाता नासाकडे जातात आणि नावं काढून टाकली जातात. शिक्षेचा अधिकार असलेल्याच्या हातात रिपोर्ट पडत नाही, हे त्यातलं घेण्यासारखं. आमचं कार्डही सुपरवायझरकडे न जाता थेट सेफ्टी विभागाकडे येतं. पेटी कॅन्टीनच्या वाटेवर, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. मराठी आणि हिंदीत तीनच प्रश्न: कुठे, काय झालं, काय होऊ शकलं असतं? नाव ऐच्छिक. लिहिता येत नसेल त्याने व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवावं, मात्र नंबर सेफ्टीबाहेर जाऊ द्यायचा नाही. ते निअर मिस, असुरक्षित कृती की असुरक्षित स्थिती, ही वर्गवारी आपण करायची. कामगाराला त्यात अडकवू नका.

उत्तर नोटीस बोर्डावर लावा: काम झालं, अमुक तारखेपर्यंत होईल, किंवा होणार नाही, आणि का. नकारही लिहाच. निदान कुणीतरी वाचलंय एवढं त्यातून कळतं. बोर्ड गप्प राहिला की पेटी रिकामी पडायला वेळ लागत नाही.

"प्रत्येकाने महिन्याला इतके निअर मिस द्या" असं टार्गेट मागितलं, तर नम्रपणे नाही म्हणा. महिनाअखेरीस "फरशीवर तेल" असे गठ्ठे येतात आणि लॅचसारखी गोष्ट त्यात हरवते. सुरुवातीला रिपोर्टचा आकडा वाढणारच, हे प्लांट हेडला आधीच सांगून ठेवा. "अपघातविरहित दिवस" लिहिलेल्या बोर्डावर बक्षीस लावलं असेल तर तेही काढायला लावा. बक्षिसापायी कापलेलं बोट लपवलं जातं.

तपासात "कामगाराचं दुर्लक्ष" हे कारण मी स्वीकारत नाही. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास, म्हणजे निकामी, केलेला दिसला तर बायपासची चावी पॅनेललाच का राहिली, कर्टन वारंवार ट्रिप होऊन प्रेस का थांबत होती, मेंटेनन्सला ते कधी कळवलं होतं, हे विचारा. उत्तरं मिळाली की ती कार्डाशेजारी बोर्डावर लावा, आणि तीच माहिती रात्रपाळीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू करण्याआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत) स्वतः जाऊन सांगा.