करवंदाचं जिवंत कुंपण: बी पेरण्यापासून फळ येईपर्यंत

आवाराला कुंपण घालायचं म्हटलं की आधी काटेरी तारेचा भाव विचारला जातो. हिरवं कुंपण हवं असेल तर रोपवाटिकेतून ड्युरांटाच्या पिशव्या येतात. सह्याद्रीच्या उतारावर, कातळाच्या फटीत कुणी पाणी न घालता माजणारी करवंदाची जाळी मात्र सहसा कुणाला आठवत नाही. वास्तविक कुंपणाला लागतं ते सगळं तिच्याकडे आहे: बारमाही हिरवी पानं, गुरांना आत येऊ न देणारे काटे, मंद वासाची पांढरी फुलं, आणि वर लोणच्याची सोय. तीन वर्षं धीर धरायची तयारी मात्र हवी.

जागा

दिवसाला निदान सहा तास ऊन मिळेल अशी कड निवडा. सावलीत झाड जगतं, पण विरळ होतं आणि फळत नाही. जांभ्याची मुरमाड जमीन करवंदाला उत्तम मानवते. देशावरच्या काळ्या चिकणमातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून तिथे फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. फाटक, पायवाट आणि मुलांची खेळायची जागा टाळा. काटे जोडीजोडीने येतात, कडक असतात आणि पातळ चपलेतूनही आत घुसतात.

बी

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. करवंदाचं बी साठवून ठेवता येत नाही. ते वाळलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. मे महिन्यात पूर्ण पिकलेली, काळीभोर करवंदं घ्या. फळ फोडलं की आत चार-पाच चपट्या तपकिरी बिया दिसतात, त्याभोवती गर आणि बोटांना चिकटणारा चीक. (फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना इथेच खेळू द्या, बिया काढायचं अर्धं काम तेच करतील.) बिया चुलीच्या राखेत चोळा, दोन-तीन पाण्यांत धुवा आणि सावलीत तासभर पसरून त्याच दिवशी किंवा फार तर आठवड्याच्या आत पेरा.

माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात घेऊन पिशव्या भरा. बी अर्धा इंच खोल टाका, वर पातळ गवत अंथरा आणि माती नुसती ओलसर ठेवा. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. सुरुवातीची वाढ इतकी हळू असते की रोप मेलं की काय असं वाटतं. उकरून बघू नका. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा रोपं पिशवीतच काढतात.

घाई असेल तर तयार रोपं आणा. फळ मोठं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात विचारा. छाट कलमं, म्हणजे मातीत खोचलेले फांदीचे तुकडे, क्वचितच मुळं धरतात, त्यापेक्षा पावसाळ्यात बांधलेली गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून केलेलं कलम) बरी. रानातली जाळी उपटून आणायच्या फंदात मात्र पडू नका. मूळ तुटतं, झाड जगत नाही आणि रानातलीही एक जाळी जाते.

लागवड

पुढच्या जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की लावणी करा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. भरताना वरची माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरे. कुंपणासाठी दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा, म्हणजे वीस फुटांच्या कडेला अकरा रोपं लागतील. दाट भिंत हवी असेल तर दोन ओळी नागमोडी लावा. फळासाठी सुटं झाड लावायचं असेल तर त्याला चारही बाजूंनी पाच-पाच फूट मोकळे सोडा.

वाढलेल्या जाळीला गुरं तोंड लावत नाहीत, पण कोवळ्या रोपाला शेळी सोडत नाही. पहिली दोन वर्षं भोवती काटेरी फांद्या टाकून ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, दुसऱ्यात त्याहून कमी. पुढे झाड आपलं आपण बघतं. पानांवर कधी कण्हेरीवर येते तशी जाड हिरवी अळी दिसली तर काडीने उचलून दूर टाका, फवारणीची गरज नाही.

कात्री

रोप गुडघाभर झालं की शेंडा खुडा. बुडापासून फुटवे आले नाहीत तर खाली भोकं राहतात आणि कुंपणातून कोंबड्यांची ये-जा सुरू होते. पुढे दर पावसाळ्याच्या तोंडाला, फळं संपल्यावर, वरून आणि बाजूंनी छाटा. तळाशी रुंद आणि वर निमुळतं ठेवलं तर खालच्या पानांना ऊन मिळतं.

गणपती झाले की कात्री बंद. करवंदाचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो, म्हणून हिवाळ्यात कुंपण ‘नीटनेटकं’ केलं की येणारं सगळं फळ कचऱ्यात जातं. चौकोनी, गुळगुळीत भिंत आणि टोपलीभर करवंदं या दोन्ही गोष्टी एका झाडाकडून मिळत नाहीत. मी तरी फळाच्या बाजूने आहे. थोडं विस्कटलेलं कुंपण काही वाईट दिसत नाही. छाटताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चामड्याचे हातमोजे घाला. छाटलेल्या फांद्या लगेच गोळा करा, नाहीतर सायकलचं चाक गेलंच म्हणून समजा.

फळ

बियांपासून केलेल्या झाडाला साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागतं. लोणच्यासाठी एप्रिलमधली हिरवी, टणक करवंदं देठासकट तोडा. तोडण्याआधी बोटांना खोबरेल तेल चोळा, म्हणजे चीक चिकटत नाही. पिकलेली मे महिन्यात, सकाळच्या वेळी, उथळ टोपलीत काढा. खोल भांड्यात खालची चिरडतात, आणि पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. एकदा पाऊस लागला की फळं फुटतात आणि अळी धरतात. सगळी उतरवायला जाऊ नका, वरच्या फांद्या बुलबुलांना राहू द्या.

जागा नसेल तर अठरा इंची ड्रममध्येही करवंद येतं. तळाला भोकं पाडा, खाली विटांचे तुकडे घाला आणि ड्रम गच्चीच्या कठड्याशी ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. फळ थोडंच लागेल, पण वाटीभर लोणच्याला पुरतं.