वॉटर पंप जातोय? काटा नको, बाटली बघा

मे महिन्यातला रविवार. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो, तर बॉनेटमधून पाकासारखा गोडूस वास. तापमानाचा काटा ९० वर, जागचा हललेला नाही. म्हटलं, काटा ठीक म्हणजे सगळं ठीक. पुढच्या महिनाभरात मी तीन वेळा बॉनेटखालच्या बाटलीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ओतलं आणि तिन्ही वेळा ‘उन्हाळा आहे, आटत असेल’ अशी स्वतःची समजूत घातली. कूलंट आटत नाही. बंद सिस्टिममधून ते कमी झालं, तर कुठून तरी बाहेर गेलेलं असतं.

टर्बो हॅचबॅक असेल तर पहिली सवय ही लावा: काट्यावर भरवसा ठेवू नका. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. इंजिन साधारण ७५ अंशांवर असो की १०५ वर, तो ९० च दाखवतो. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. हजारभर रुपयांचं ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) मोबाइलला जोडलं की खरा आकडा दिसतो. घाटात १०० ते १०५ होणं, मग फॅन लागून खाली येणं ठीक. ११० ओलांडून वरच जात राहिला तर गाडी बाजूला घ्या.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मार्कर पेन. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, बाटलीवर पातळीची रेघ मारा. दोन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बघा. रेघेखाली बोटभर उतरलं असेल तर शोध सुरू.

गळती कुठे शोधायची, हे इंजिनवर अवलंबून आहे. पोलो जीटीआयच्या १.८ टीएसआयमध्ये कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) प्लास्टिकचं हाउसिंग एकमेकांना जोडून, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला असतं. पंप फिरवणारा छोटा दातेरी पट्टा वेगळा. तिथून ठिबकलेलं कूलंट गिअरबॉक्सवर पडतं, गरम धातूवर सुकतं आणि उरलेलं खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात साचतं. म्हणून पार्किंगच्या फरशीवर डाग दिसत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. टॉर्च लावून गिअरबॉक्सचा वरचा भाग बघा. गुलाबी किंवा पांढरट खपली दिसली तर वरून पाझरतंय. अबार्थ पुंटोचं गणित निराळं. तिथे पंप टायमिंग बेल्टवर चालतो. बेअरिंग जाम झालं तर बेल्टचे दात जाऊ शकतात, आणि मग व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर. तिथे घरघर ऐकू आली की पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

आणखी एक खूण आपल्याकडे फारसं कुणी तपासत नाही, कारण निफाडचा पारा घसरल्याशिवाय नाशिककर हीटरला हात लावत नाही. इंजिन चांगलं तापलेलं असताना हीटर फुल लावा. थंड वारा आला, तर कूलंट फिरत नाहीये किंवा आत हवा भरली आहे. कधी कधी पंपाची पाती शाफ्टवरून सुटून नुसती गरगरतात. बाहेर थेंबही गळत नाही, पण पाणी हलत नाही.

आता वाटेत तापली तर. एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, सुरक्षित जागा शोधा. हीटरमधून गरम वारा येतोय तोवर थोडं अंतर जाता येतं. वारा थंड झाला, वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला, की इंजिन लगेच बंद. पुढचं एक किलोमीटर वाचवायला जाल आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकवून बसाल. समृद्धीवर असाल तर इगतपुरीच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरण्याआधीच थांबा. आत बंद पडली तर जीवाला धोका.

बाटलीच्या झाकणाला किमान तासभर हात लावू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडीतलं कूलंट त्याच्या वर जाऊनही उकळत नाही, ते दाबामुळे आणि त्यात मिसळलेल्या ग्लायकॉल या रसायनामुळे. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळतं. थंड झाल्यावर जाड फडका धरून, हळूहळू फिरवून उघडा. जवळ कूलंट नसेल तर तात्पुरतं बाटलीबंद पाणी चालेल, पण ते तापलेल्या इंजिनात नको. बोअरचं पाणी टाळा. त्यातला क्षार रेडिएटरमध्ये बसतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्री म्हणेल, ‘साहेब, वॉटर बॉडी गेली.’ म्हणजे वॉटर पंप. बरोबरही असेल. तरी पार्ट मागवण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. रात्रभर गाडी तिथेच ठेवा आणि सकाळी, इंजिन थंड असताना, हातपंपाने दाब द्या. झाकणावर लिहिलेल्या दाबाच्या वर नको. १५-२० मिनिटं दाबाचा काटा खाली येतो का बघा. थंडच का? प्लास्टिक आकसतं, फट उघडते. गरम झाल्यावर तीच गळती बंद होते आणि मिस्त्री म्हणतो, काही नाही. याच वेळी होज, रेडिएटर आणि खुद्द झाकणही बघून घ्या. गाडी एकदा भरपूर तापली असेल तर हेड गॅसकेटचीही (हेडखालच्या सीलची) तपासणी हवी: बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडूस पांढरा धूर, ऑइल दुधाळ. गॅसकेट गेलेलं असताना नुसता नवा पंप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

दोन सल्ले हमखास मिळतील. एक, रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाका. जुन्या ट्रकला हळदीने घरापर्यंत पोहोचवलंय, मान्य. पण टर्बोच्या आणि हीटरच्या बारीक वाटा त्याने तुंबतात. दुसरा, थर्मोस्टॅट काढून टाका. मग इंजिन कायम थंडगार चालतं, पेट्रोल जास्त जळतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पंपाचं दुखणं जिथे होतं तिथेच! दोन्हींना नम्रपणे नकार द्या.

पार्ट चासिस नंबर देऊनच मागवा. असे पार्ट नाशिकच्या दुकानात सहसा पडून नसतात, मुंबई-पुण्याहून येतात. म्हणून पार्ट हातात पडेपर्यंत गाडी उघडू देऊ नका. माझी गाडी अंबडच्या एका शेडमध्ये इनटेक उतरवून नऊ दिवस उभी होती, आणि आलेलं गॅसकेट दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. पंप आणि हाउसिंग जोडलेलं असेल तर दोन्ही बदला, सोबत छोटा पट्टा. टायमिंग बेल्टवाल्या गाडीत बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच फेरीत, मजुरी तीच. प्लास्टिकच्या हाउसिंगचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नाहीत. गॅरेजमध्ये टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आहे का, हे आधीच विचारा. प्रश्नाचं हसू आलं, तर दुसरं गॅरेज बघा.

जुनं कूलंट ट्रेमध्ये धरायचं. ते चवीला गोड आणि जीवघेणं विष असतं, कुत्री-मांजरं चाटतात. गटारात ओतलं तर शेवटी नाल्यातून गोदावरीतच.

भरताना कंपनीने सांगितलेलंच कूलंट, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरसोबत निम्मं-निम्मं. रंग बघून घेऊ नका. गुलाबी दिसतं म्हणून ते तेच असतं असं नाही. व्हॅक्युम लावून भरता आलं तर उत्तम, हवा अडकत नाही. नाहीतर गाडीचं नाक चढावर, हीटर फुल, आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी बघा. थोडी उतरलेली असते, भरून घ्या.

पहिले दोनशे किलोमीटर शहरातच काढा, रोज सकाळी रेघ बघत. मग नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट, एसी लावून, ओबीडीचा आकडा शेजारच्याला वाचायला सांगून. वर पोहोचल्यावर बॉनेट उघडा आणि नाक लावून वास घ्या.