फ्रँचायझी घेताना वैयक्तिक हमीपत्रावर सही करण्यापूर्वी

कोथरूडला किंवा बाणेरला एखाद्या ब्रँडचे दुकान घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढतात आणि उद्या धंदा बसला तरी राहते घर सुरक्षित राहील, असे धरून चालतात. एकल मालकी किंवा भागीदारीपेक्षा हा मार्ग नक्कीच बरा. मात्र फ्रँचायझी करारासोबत संचालकाने वैयक्तिक हमीपत्रावर, म्हणजे कंपनीने देणे थकवले तर ते मी स्वतः भरीन असे लिहून देणाऱ्या कागदावर, सही केली, की त्या देण्यापुरते कंपनीचे कवच उरत नाही.

म्हणून करार वाचायला मागच्या पानांपासून सुरुवात करावी. माझ्या आतेभावाच्या करारात हे हमीपत्र दुकानाच्या रंगसंगतीचा तक्ता आणि यंत्रसामग्रीची यादी यांच्यामधल्या एका पानावर होते आणि खाली सह्यांसाठी दोन रेघा होत्या, एक त्याच्यासाठी आणि एक वहिनींसाठी. वहिनी ना संचालक होत्या, ना भागधारक. फ्लॅट मात्र दोघांच्या नावावर होता. आम्ही लेखी विचारणा केल्यावर ब्रँडने वहिनींचे नाव वगळले. धंद्यात नसलेल्या जोडीदाराची किंवा आईवडिलांची सही मागितली, तर ठामपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची (हमी देणाऱ्याची) जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच (देणे लागणाऱ्याइतकीच) असते. ‘आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हा बचाव चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यातच स्पष्ट केले आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी जामीनदार सुटत नाही. उलट 1 डिसेंबर 2019 पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांविरुद्धही दिवाळखोरी संहितेखाली कार्यवाही करता येते.

‘वेगळे काही ठरले नसेल तर’ हे शब्द तुमच्या कामाचे आहेत, कारण वाटाघाटीला जागा तिथेच आहे. हमीला रुपयांत कमाल मर्यादा मागा. हमी थकीत रॉयल्टी (ब्रँड वापरण्याचे शुल्क) आणि मालाच्या बिलांपुरतीच ठेवा. दुकान मुदतीआधी बंद झाल्यास उरलेल्या वर्षांची रॉयल्टीही हमीत धरलेली असेल, तर ते वाक्य काढून घ्या. कलम 130 नुसार चालू हमी (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू राहणारी हमी) पुढील व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते आणि कलम 133 नुसार तुमच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर नंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मुक्त होतो. पण छापील हमीपत्रांत हे हक्क सोडून दिल्याचा मजकूर अनेकदा असतो, तो शोधून खोडायला सांगा. सर्वांत जास्त आग्रह एका गोष्टीचा धरावा: दुकान दुसऱ्याला विकल्यास हस्तांतराच्या दिवशी लेखी मुक्तिपत्र मिळेल, हे करारातच यावे. नाहीतर नव्या मालकाने थकवलेल्या पैशांची नोटीस तुमच्या दारात येते.

ब्रँडखेरीज बँक आणि जागामालक हेही हमी मागू शकतात, तेव्हा तिन्हींची बेरीज एका कागदावर मांडा. लिव्ह अँड लायसन्समध्ये तीन वर्षांचा लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) असेल आणि भाड्याची हमी तुमची असेल, तर दुकान आठव्या महिन्यात बंद पडले तरी उरलेल्या 28 महिन्यांच्या भाड्याची मागणी होऊ शकते. बँकेला दिलेली हमी तुमच्या सिबिल अहवालातही दिसते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पत हमी योजनेखालील कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही, म्हणून बँकेत त्याची चौकशी जरूर करा. प्रवर्तकाची स्वतःची हमी मात्र तिथेही मागितली जाऊ शकते.

भागीदार दोघे-तिघे असतील, तर कलम 146 प्रमाणे सहजामीनदारांनी आपसांत समान वाटा उचलायचा असतो, तरीही ब्रँड सगळी रक्कम एकट्याकडून वसूल करू शकतो. कोण किती टक्के भरेल, याचा स्वतंत्र लेखी करार आधीच करून ठेवा. सुरक्षेसाठी दिलेल्या धनादेशांवर रक्कम कोरी सोडू नका, त्यांचे क्रमांक करारात नोंदवा आणि करार संपताच ते धनादेश आणि मूळ हमीपत्र पोच घेऊन परत मिळवा.