रोव्हर व्हायचंय? मग वही आजच घ्या

दहावी झाली की स्काउटचा गणवेश कपाटात जातो, असं बऱ्याच घरांत होतं. माझाही गेला असता. पण ज्युनियर कॉलेजात रोव्हर पथक होतं आणि तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला डोंगरावर नेलं. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर असे हे पुढचे विभाग आहेत. रोव्हर म्हणून पंचविशीपर्यंत राहता येतं, त्यामुळे शाळेत राष्ट्रपती स्काउट होणं हुकलं म्हणून हळहळत बसू नका.

रोव्हरच्या पायऱ्या प्रवेश, प्रवीण, निपुण, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती रोव्हर अशा आहेत. प्रत्येक पायरीला ठरलेला किमान काळ द्यावा लागतो. बारावीच्या वर्षात सगळं उरकू म्हणणारे तिथेच अडकतात. अकरावीच्या जूनमध्येच नाव नोंदवा.

मी अडकलो ते लॉगबुकात, म्हणजे केलेल्या उपक्रमांच्या नोंदवहीत. राजगडची हाईक आम्ही मनापासून केली होती. गुंजवण्यातून चढलो, चोरदरवाज्याने आत शिरलो, मुक्काम केला. पण अहवाल मी तीन महिन्यांनी, चाचणी शिबिराच्या आदल्या रात्री लिहिला. परीक्षकांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "बाळा, चोरदरवाज्यातून वर आलास, समोर काय दिसलं?" माझ्या वहीत होतं, 'गडावरून निसर्गरम्य दृश्य दिसते.' समोर पद्मावती तलाव असतो, त्याच्या काठावर बसून मी डबा खाल्ला होता, पण त्या क्षणी काही केल्या आठवेना. "बालेकिल्ला कोणत्या दिशेला?" तेही नाही. मला परत पाठवलं. खूप लागलं, रडूही आलं. पण त्यांचं बरोबर होतं, हे आज मी मनापासून सांगतो.

पुन्हा गेलो तेव्हा खिशात मावणारी वही नेली. निघाल्याची वेळ, पाणी कुठे मिळालं, होकायंत्राने घेतलेली दिशा, कोणाला चप्पल लागली, भात कच्चा का राहिला, सगळं त्याच संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात लिहिलं. पेन्सिलने लिहा, शाई पावसात पसरते.

साहसाचं म्हणाल तर पचमढीला जमेल तेव्हा जाच. सातपुड्यातल्या या गावी संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे आणि नॅशनल ॲडव्हेंचर इन्स्टिट्यूटही. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी गाडी धरून पिपरियाला उतरायचं, पुढे घाटाने तासा-दीड तासाचा रस्ता. तिथलं धूपगड साधारण 1350 मीटर, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा बुटकंच, पण थंडी मात्र हाडं गोठवणारी. चौरागडच्या महादेवाला महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन जाणारी विदर्भातली माणसं या वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालताहेत. आमच्या पथकातल्या अमरावतीच्या मुलाला तर आजीकडून ऐकलेली निम्मी वाट तोंडपाठ होती.

दोरावरून कडा उतरताना पहिलं पाऊल सगळ्यात अवघड. पाठ दरीकडे, हार्नेस म्हणजे कमरेला बांधलेला सुरक्षेचा पट्टा घट्ट, आणि शरीर सांगतं की कड्याला चिकटून राहा. नेमकं ते करायचं नाही. मागे रेलायचं, पाय खांद्याइतके फाकवायचे, अख्खा तळवा दगडाला टेकवायचा. चिकटलात की पाय घसरतात आणि गुडघे सोलवटतात. खालचा हात म्हणजे तुमचा ब्रेक, तो कमरेजवळून सुटता कामा नये. बिले देणाऱ्या, म्हणजे तुमचा सुरक्षेचा दोर सांभाळणाऱ्या मित्राने "तयार" म्हटल्याशिवाय हलू नका. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा स्क्रू स्वतः तपासा आणि शेजाऱ्यालाही तपासायला लावा. मी आजही दोनदा तपासतो.

पैशांची काळजी असेल तर आधी रोव्हर लीडरशी बोला. आमच्या पथकात सॅक, झोपायच्या पिशव्या आणि बूट एकमेकांत फिरायचे. नवे बूट मात्र शिबिराला पहिल्यांदा घालू नका, आधी पंधरा दिवस घरच्या कामांना तेच घालून हिंडा. घरी परवानगीपत्रावर सही मागताना आई-बाबांना सरांशी थेट बोलू द्या. माझ्या आईची भीती सरांनी हार्नेस तिच्या हातात दिल्यावर गेली. तिने दोर ओढून पाहिला, शिवण निरखली आणि मग सही केली.

अर्ज पथकाकडून जिल्ह्याकडे, तिथून राज्याकडे आणि राष्ट्रपती पुरस्काराचा असेल तर पुढे राष्ट्रीय कार्यालयाकडे जातो. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा आणि ती त्या पेन्सिलच्या वहीसोबत एकाच पिशवीत ठेवा.