हरणांची गळलेली शिंगं कशी शोधायची: अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या शेतांसाठी आणि रानांसाठी

व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. नोव्हेंबरच्या मध्यावर माज टिपेला पोचतो. त्यानंतर नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरत जातं. ते पुरेसं उतरलं की शिंग कवटीला जिथे जोडलेलं असतं तिथलं हाड पेशी विरघळवून टाकतात आणि शिंग निखळतं. आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात हे डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत चालतं. जखमी किंवा उपासमार झालेला नर लवकर शिंगं टाकतो, खाऊनपिऊन सुखी असलेला उशिरापर्यंत ती वागवतो.

यातूनच शोधाचं मुख्य सूत्र निघतं. हरीण जानेवारी-फेब्रुवारीत जिथे राहतं तिथेच शिंग पडतं. ऑक्टोबरमध्ये मोठा नर ज्या ओकच्या झाडाखाली दिसला होता, ती जागा या कामी बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. मैलोन्‌मैल चालणाऱ्यापेक्षा हिवाळ्यातलं खाणं आणि हिवाळ्यातला निवारा ओळखून तेवढाच भाग बारकाईने पाहणाऱ्याला जास्त शिंगं मिळतात.

कधी जायचं

मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा महिना सर्वांत चांगला. फेब्रुवारीत घाई करू नका. हिवाळ्याच्या शेवटी हरणांच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते, आणि अशा वेळी त्यांना पळवलं तर ती ताकद भरून काढायला खायला काहीच नसतं. शिवाय हुसकावलेला नर शेजारच्या जमिनीत जातो आणि शिंगं तिथे टाकतो. म्हणजे हरणाचंही नुकसान आणि तुमचंही. संध्याकाळी रस्त्यावरूनच दुर्बिणीने शेतात चरणारा कळप पाहा. नरांच्या डोक्यावर अजून शिंगं दिसत असतील तर थांबा.

फार उशीरही नको. एप्रिलअखेरीस गवत वर येतं आणि शिंग झाकतं. त्याच्या आधीच उंदीर आणि खारी कामाला लागलेल्या असतात; कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी त्या शिंगं कुरतडतात. बारीक टोकं आधी जातात.

कुठे पाहायचं

आधी खाण्याची जागा. कापणी न झालेला मका किंवा सोयाबीन जवळपास उभं असेल तर तिथूनच सुरुवात करा. कडक थंडीत आसपासची हरणं तिथे गोळा होतात. ते नसेल तर दाणे सांडलेली मक्याची धसकटं, लसूणघास, हिवाळी गहू. शेतात शिरल्यावर लेंड्या पाहा. पावलापावलाला लेंड्यांचे ढीग दिसले तर ते शेत पूर्ण पिंजून काढण्याच्या लायकीचं आहे. तुरळक दिसल्या तर कडेकडेने एक फेरी मारून पुढे जा.

मग बसण्याच्या जागा. थंडीत हरणं दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर बसतात, कारण तिथे ऊन जास्त लागतं आणि बर्फ आधी वितळतो. उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, पडलेल्या ओंडक्यालगत किंवा सीडरच्या झाडाखाली पाचोळ्यात साधारण मीटरभर लांबीचे लंबगोल खळगे दिसतील. असे तीन-चार खळगे जवळजवळ असतील तर त्यांच्याभोवतीची वीस-पंचवीस पावलांची जागा गुडघे टेकून पाहिली तरी वेळ वाया जाणार नाही. सपाट मुलखात उतार नसतात, तिथे हरणं उंच गवतात, दलदलीतल्या पाणकणसांत आणि सीडर-पाइनच्या दाट राईत शिरतात. उंच गवतातलं शिंग शोधणं सर्वांत कठीण, कारण ते बरोबर वरून पाहिल्याशिवाय दिसतच नाही.

शेवटी या दोन्हींना जोडणाऱ्या वाटा. वाटेवरच्या नुसत्या चालण्यापेक्षा उडीच्या जागा महत्त्वाच्या: तारेचं कुंपण, ओढा, खोल चर. ढिलं झालेलं शिंग उडीच्या हिसक्याने पडतं. कुंपणाच्या दोन्ही बाजू पाहा, आणि हरीण जिथे पाय टेकतं ती बाजू आधी.

शोधण्याची रीत

दिवस ढगाळ हवा. पाऊस नुकताच पडून गेलेला असेल तर उत्तम. पाचोळा भिजून काळपट होतो आणि ओलं शिंग चकाकतं. कडक उन्हात रानात फांद्यांच्या सावल्यांची जाळी पडते, तिच्यात डोळा फसतो. अर्धवट वितळलेला बर्फही त्रासदायक. पांढऱ्या ठिपक्यांमध्ये पांढरं टोक हरवून जातं.

कापलेल्या सोयाबीनच्या शेतात पाय टाकण्याआधी बांधावर उभं राहून दुर्बिणीने पट्ट्यापट्ट्याने पाहा. ८×४२ ची दुर्बीण पुरते. मक्याच्या शेतात हे तितकं जमत नाही, कारण वाळलेल्या ताटांचे आणि कणसांच्या सालींचे तुकडे थेट शिंगासारखे वाकलेले असतात. तिथे वाऱ्याची मदत होते: साल आणि पान हलतं, शिंग हलत नाही. ओळींच्या दिशेने, पंधरा-वीस पावलांच्या अंतराने फेऱ्या मारा.

रानात फेऱ्यांमधलं अंतर पाच-सहा पावलांवर आणा. दहा पावलं चाला, थांबा, दोन्ही बाजूंना पाहा, आणि मागे वळूनही पाहा. ओंडक्याआड असलेलं शिंग उलट्या बाजूने लख्ख दिसतं, हे वारंवार होतं. चालता चालता पाहणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. पाय चालू असताना नजर पावलांपुढच्या जागेवरच खिळते.

आणि अख्खं शिंग शोधू नका. ते मांडून ठेवल्यासारखं क्वचितच पडलेलं असतं. पाचोळ्यातून वर आलेलं एखादं टोक, गुळगुळीत बाक किंवा बुडाची खडबडीत गोल चकती, एवढंच दिसतं. नजर तयार करायला एक सोपा उपाय आहे. जुनं शिंग घेऊन कुणाला तरी ते परसातल्या पाचोळ्यात टाकायला सांगा आणि पंधरा-वीस पावलांवरून शोधा. मुलांना हे फार आवडतं, आणि बहुतेकदा मोठ्यांच्या आधी त्यांनाच दिसतं.

एक शिंग सापडलं की हलू नका. जागेची खूण फोनच्या नकाशावर करा, मग त्याच वाटेने दोन्ही दिशांना शंभर मीटरपर्यंत पाहा आणि त्या जागेभोवती गोल फेऱ्या घ्या. कधी दोन्ही शिंगं एकाच जागी पडतात, कधी दुसरं काही दिवसांनी आणि भलतीकडे. हातातलं शिंग डावं की उजवं हे ठरवायला फाटे वर आणि टोक तुमच्यापासून लांब असं ते धरा. टोक डावीकडे वळलं असेल तर शिंग उजवं. म्हणजे आता डावं शोधायचं.

ताजं शिंग तपकिरी, तुळतुळीत असतं आणि बुडाच्या चकतीवर लालसर छटा दिसते. गेल्या वर्षीचं फिकट, खडूसारखं होतं आणि त्यावर बारीक उभ्या भेगा जातात. हिरवट शेवाळ धरलं असेल तर ते त्याहूनही जुनं. जुनं मिळालं तरी जागेची नोंद ठेवा. नर हिवाळ्यात त्या भागात राहतात याचा तो पुरावा आहे.

परवानगी आणि कायदा

मिडवेस्टमधली बरीचशी चांगली जमीन खासगी आहे. शेतकऱ्याला हिवाळ्यातच, कामं कमी असताना, घरी जाऊन विचारा. शेतात पडलेलं शिंग ट्रॅक्टरचा टायर फाडतं आणि तो टायर महाग असतो, म्हणून पेरणीआधी कुणी शिंगं वेचून नेत असेल तर कित्येकांना ते हवंच असतं. किती माणसं येणार, गाडी कुठे लावायची, कुत्रा चालेल का, हे आधीच ठरवा. जमिनींच्या हद्दी ऑनएक्ससारख्या ॲपवर दिसतात. इलिनॉय आणि मिसुरीत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच आहे, पाटी नसली तरी.

नॅशनल पार्कमधून शिंग उचलणं बेकायदा आहे. सरकारी जमिनींचे इतर नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा त्या जागेच्या कार्यालयात विचारून जा. पश्चिमेकडे एल्क या मोठ्या हरणाची शिंगं शोधायला जायचं असेल तर जास्त सावध राहा. कोलोरॅडोत आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल बंदी असते. वायोमिंगच्या पश्चिम भागातही हंगाम मे महिन्यातच उघडतो.

कवटीसकट शिंगं सापडली तर हात लावू नका. ते गळलेलं शिंग नव्हे, मेलेलं हरीण आहे. अनेक राज्यांत त्यासाठी वन्यजीव अधिकाऱ्याकडून परवाना लागतो, शिवाय क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग मेंदू आणि मणक्यातून पसरू नये म्हणून अशा वस्तू राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

भारतातला नियम पूर्ण वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ-सांबराचं आपोआप गळलेलं शिंगही उचलून घरी नेता येत नाही. ताडोबात किंवा मेळघाटात ते दिसलं तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. अमेरिकेत मिळालेलं शिंगही गावाकडे भेट म्हणून बॅगेत टाकू नका, कस्टममध्ये अडकेल.

सोबत काय, अंगावर काय

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, काटे न अडकणारी जाड पँट, दुर्बीण, पाणी, चार्ज केलेला फोन आणि दोन पट्टे असलेली पाठपिशवी. शिंगं पिशवीला बाहेरून बांधायची तर टोकं अंगापासून लांब ठेवा. घसरून पडलात तर ती पाठीत घुसू शकतात. एप्रिलमध्ये टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा लाल, पांढरे, निळे कपडे टाळा. नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात.

गोचिडींकडे दुर्लक्ष करू नका. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड पारा ४ अंशांच्या वर गेला की हिंडू लागते, बर्फ वितळायची वाट पाहत नाही. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते कातडीवर लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा; तिला ते विषारी आहे. घरी आल्यावर आंघोळ करा आणि काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागचा भाग आणि केसांची मुळं तपासा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल किंवा पेटती काडी लावू नका.

घरी आणल्यावर

साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ब्लीच लावलं तर शिंगाचा तपकिरी रंग जातो आणि परत येत नाही. सावलीत वाळवा, भिंतीवर लावायचं असेल तर थेट ऊन येणारी भिंत टाळा. कुत्र्याला चावायला दिलं तर दात तुटू शकतो, शिंग तितकं कठीण असतं.

बुडाजवळ, जिथे सहज दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहा. नकाशावरच्या खुणा दरवर्षीच्या वेगळ्या रंगात ठेवा. दोन-तीन हिवाळ्यांनंतर कोणत्या उताराला आणि कोणत्या कुंपणाला आधी जायचं हे त्या खुणांच्या घोळक्यांवरून दिसू लागतं. मात्र शेतात पीक बदललं की घोळका सरकतो, म्हणून यंदा कुठे मका उभा राहिला आहे हे जानेवारीतच गाडीतून पाहून ठेवा.