उपासनेसाठी गीत निवडताना: आधी शब्द, मग चाल

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेसाठी गीत निवडायला बसलात की पेटी बंद ठेवा आणि यूट्यूबही. चाल मनात बसली की शब्दांतला दोष कानाआड होतो. गीत कागदावर उतरवून घ्या, ध्रुवपद एकदाच लिहा आणि शेजाऱ्याला पत्र वाचून दाखवावे तसे सरळ, मोठ्याने वाचा. वाक्याला अर्थ लागतो का? पुष्कळ गीतांची परीक्षा इथेच संपते.

आता पेन्सिल घ्या. देव कोण आहे आणि त्याने काय केले, हे सांगणाऱ्या ओळींखाली एक रेघ मारा. मला काय वाटते, मी काय करीन, अशा ओळींखाली दोन. सगळा कागद दोन रेघांनी भरला तर गीत लगेच टाकून देऊ नका. साक्षीच्या वेळी, म्हणजे कुणी आपला विश्वासाचा अनुभव सांगतो तेव्हा, ते शोभेल. मात्र त्या दिवशीची सगळीच गीते तशी नसावीत. बायबलातल्या कलस्सैकरांस पत्र 3:16 मध्ये प्रेषित पौल गाण्याचा संबंध एकमेकांना शिकवण्याशी जोडतो. म्हणजे व्यासपीठावरून उपदेश होतो तसा गीतांतूनही होत असतो, आणि लोकांना उपदेशापेक्षा गीत जास्त दिवस पाठ राहते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अरियस या धर्मगुरूला हे पक्के ठाऊक होते. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, ही आपली शिकवण त्याने ‘थालिया’ या पद्यरचनेत घातली. 325 साली निकाया येथील परिषदेने ती नाकारली, तरी वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

यानंतरचे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळू नका. प्रत्येक ठळक विधानासमोर त्याचे बायबलातले वचन लिहा आणि नुसते वचन न पाहता तो अख्खा अध्याय वाचा. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ या आशयाची गीते यिर्मया 29:11 वरून येतात. हे शब्द बाबेलात बंदिवान असलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहेत आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. गीतात ती वाट पाहणे उरलेच नाही आणि थेट घर, नोकरी, व्हिसा आला, तर गीताने पत्राचा अर्धा भाग फाडून टाकला असे समजा. ‘मी मस्तक होईन, पुच्छ नाही’ हेही तसेच. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला (28:13) हा आशीर्वाद आज्ञापालनाच्या अटीसह येतो. ती अट गाणारे गीत निदान माझ्या कानावर आलेले नाही.

एकच ओळ पुन्हा पुन्हा येते म्हणून गीत उथळ, असे जुन्या वळणाची मंडळी म्हणतात. स्तोत्र 136 उघडून पाहा. 26 वचने, आणि प्रत्येकात देवाच्या दयेचे तेच पालुपद. पण दर वेळी पालुपदाच्या आधी नवे काहीतरी येते: सृष्टी, मिसर देशातून सुटका, तांबडा समुद्र, रान. तेव्हा पुनरावृत्तीला आधार काय दिला आहे, एवढे पाहा.

दोन-तीन महिन्यांच्या गीतांची यादी एकत्र मांडून बघा. त्यात क्रूस आहे का, पुनरुत्थान आहे का, पापांगीकार आहे का? विलाप बहुतेक नसतोच. स्तोत्र 13 ‘किती काळ?’ असे विचारत सुरू होते आणि स्तोत्र 88 तर अंधारातच थांबते. मंडळीतल्या कुणाला माती देऊन आलेल्या कुटुंबासमोर त्या रविवारी चारही गीते टाळ्यांची असतील, तर ती माणसे काय गातील?

चाल शेवटी. तबला, झांज चालेल का हा वाद स्तोत्र 150 ने कधीच मिटवला आहे. तिथे डफ, तंतुवाद्ये आणि झांजा सगळे आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळीला अभंग-ओवीच्या वळणाची गीते दिली. ती आजही गायली जातात. खरी अडचण पट्टीची असते. रेकॉर्डिंगमधल्या गायकाची पट्टी सरसकट झेपत नाही. ती खाली आणा, नाहीतर पुढचे चौघे गातात आणि बाकीचे ऐकतात.

एखादे कडवे खटकले तर पाळकांना दाखवा. शब्द स्वतः बदलू नका, ते दुसऱ्याचे आहेत. ते कडवे वगळून अर्थ टिकत असेल तर वगळा, नसेल तर दुसरे गीत घ्या. नवे गीत शिकवताना आधी त्यामागचे वचन कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच पेटी उघडा.